तुझ्या आईबद्दल

२ जून

बारके,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायचा असतो. मी तो तीनदा लिहिला आणि तीनदा कागद फाडला. तुला तो हवा आहे की नाही हे ठाऊक नसताना उगाच तुझ्या माथी मारणं बरं दिसत नाही. तेव्हा नुसतंच बारके. सात महिन्यांची जन्मलीस म्हणून पडलेलं नाव. आता तू सदतीस वर्षांची आहेस, पण मला दुसरं नाव तोंडात येत नाही.

जावयांना फोनवर सांगितलं, ते त्यांनी तुझ्यापर्यंत पोचवलं असेलच. तुझी आई गेली. आज पंधरवडा झाला. सकाळी सव्वानऊला गेली, दुकान उघडायच्या वेळेला. सगळं फार पटकन झालं, त्यामुळे तुला वेळेत कळवता आलं नाही. समजून घे.

फोन पुन्हा करत नाही. माझा आवाज ऐकून तू ठेवून देशील. पत्र निदान उघडावं तरी लागतं.

त्या दिवशी आपल्या दोन खोल्यांत माणूस मावेना. निम्म्यांना मी ओळखत नव्हतो. शेवटी दुकानातली खुर्ची भिंतीला सारून तिथेही लोकांना बसवलं. दवाखान्याच्या मागच्या वॉर्डातून चौघांना चाकाच्या खुर्च्यांत घालून आणलं होतं. मागचा वॉर्ड तू विसरली नसशील. ज्यांच्या घरचे आधी रोज येतात, मग आठवड्याने येतात, मग येईनासे होतात, त्यांचा वॉर्ड. त्यातल्या एकाला सगळे मास्तर म्हणतात. त्यांचे दोन्ही हात गेलेले, म्हणजे आहेत, पण हलत नाहीत. ते शेजाऱ्याला म्हणाले, "माझा हात उचलून जरा तिच्या हातावर ठेवता का?" शेजाऱ्याने ठेवला.  मग मास्तर म्हणाले, "वीस वर्षं हिने माझं अंग पुसलं. हात एवढा गार कधी नव्हता हो हिचा."

आता सगळे आपापल्या घरी गेले. घर खायला उठतं असं लोक म्हणायचे तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत नुसता हो हो करायचो. दुकान आणि घर यांच्यामध्ये तोच पडदा आहे. तो हलला की मी वळून बघतो. पंखा चालू असतो, दुसरं काही नाही.

तुझे
बाबा

१९ जून

बारके,

तुझं उत्तर नाही. त्याबद्दल तक्रार नाही.

काल एक गंमत झाली. एका गिऱ्हाइकाची दाढी करता करता मी आत हाक मारली, "अगं, गरम पाणी आण गं." गिऱ्हाईक जुनं होतं. आरशात माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मीच आत जाऊन पाणी आणलं. ते गार होतं. त्याच पाण्याने दाढी पुरी केली.

तुझी आई मला भेटली ती माझ्या अंगठ्यामुळे, हे तुला सांगितलंय का कधी? नवीन नवीन दुकान होतं, वस्तऱ्याला धार लावताना अंगठा कापला. दवाखान्यात टाके घालायला जी नर्स समोर आली ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि वीस वर्षांनी मोठी असल्यासारखी बोलणारी. म्हणाली, "लोकांचे गळे तुमच्या हातात देतात होय? आणि तुम्हाला स्वतःचा अंगठा सांभाळता येत नाही." टाके काढायला मी ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधीच गेलो. तिने ओळखलं. टाके काही काढले नाहीत, दुसऱ्या दिवशीही दाखवायला बोलावलं. मग मीही ओळखलं.

लग्नानंतर तिची बदली मागच्या वॉर्डात झाली. तिथे कुणी टिकत नसे. बरा होऊन जाणारा पेशंट तिथे नसतोच, त्यामुळे कुणी आभार मानत नाही, पेढा देत नाही, काही नाही. ती एकतीस वर्षं टिकली. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी आठला जायचीच. मी म्हणायचो, "आता तरी बस घरी." म्हणायची, "बसायला काय, तिथेही स्टूल आहे."

तुझ्या वाट्याला ती कमी आली, हे मला दिसत होतं. तुला गोवर आला होता तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तापात तिला म्हणालीस, "आई, मी तुझ्या वॉर्डात येऊन झोपू का? म्हणजे तू दिवसभर माझ्याजवळ असशील." ती हसली, कपाळावरची पट्टी बदलली आणि ड्यूटीला गेली. दुकान बंद ठेवून मी तुझ्याजवळ बसलो. पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही. त्या दिवशी ती जाताना चपला घालायला विसरली होती. दवाखान्याच्या फाटकापाशी तिच्या लक्षात आलं.

आज वॉर्डाची आत्ताची सिस्टर दुकानात आली होती. तरुण पोर आहे. म्हणाली, "काका, पुरुष पेशंटच्या दाढ्या ताई करायच्या. आता कुणी करत नाही, सगळे जंगलातून आल्यासारखे दिसतात. तुम्ही याल का?" तुझ्या आईनेही हे मला किती वर्षं विचारलं असेल. दर वेळी मी म्हणायचो, माझं दुकान आहे, धर्मशाळा नाही. सिस्टरला म्हटलं, बघतो.

बाबा

८ जुलै

बारके,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी आहेत. मी त्या इतक्यांदा वाचल्या की आता कार्ड न बघता म्हणता येतात. "पटकन झालं म्हणता. काय झालं होतं? किती दिवस?"

तू नर्सची मुलगी आहेस. नेमकं तिथेच बोट ठेवलंस.

पटकन नाही झालं. पाच महिने लागले. पोटात गाठ होती. डिसेंबरच्या शेवटी कळलं आणि डॉक्टरांनी सांगायच्या आधी तिनेच सांगितलं. रिपोर्ट उजेडाकडे धरून म्हणाली, "कापाकापी नको. मी अशी पुष्कळ माणसं बघितली आहेत. घरीच राहीन."

तेव्हा तिचं करणारा मी एकटा. ज्या माणसाने कधी स्वतःची उशी झटकली नाही तो मी. तिने पडल्या पडल्या मला शिकवलं. कूस बदलताना खांदा आणि कंबर एकदम धरायची, ओढायचं नाही. ओली चादर माणसाला न उठवता कशी काढायची. पाठ लाल दिसली की लगेच सांगायचं, लपवायचं नाही. पहिल्याच दिवशी मी तिला पलंगावरून जवळजवळ खालीच पाडलं. भिंतीला हात टेकून ती हसत सुटली. म्हणाली, "पेशंट म्हणून मी वाईट, कबूल. पण नर्स म्हणून तुम्ही त्याहून वाईट, अहो."

एप्रिलपर्यंत मला जमायला लागलं. तिचे केस मीच कापले. बाई माणसाचे केस मी आयुष्यात पहिल्यांदाच कापले. आरसा दाखवला तर म्हणाली, "अगदी तुमच्या गिऱ्हाइकासारखी दिसते. आता मान दाबून द्या." दिली.

तिने तुझ्याबद्दल विचारलं. जानेवारीत विचारलं, "बारकीला कळवलंत?" मी म्हटलं, कळवलं. फेब्रुवारीत विचारलं, "काही म्हणाली का?" मी म्हटलं, तिला निघता येत नाहीये. ती म्हणाली, "असू दे. घरात लहान मूल आहे. तिची ओढाताण नको." त्यानंतर तिने विचारलं नाही. पण फोन वाजला की हातातलं काम थांबवून ऐकायची. तिच्या हातात काम कसलं, गोधडीचं टोक असायचं. ते ती घडी घालत राहायची.

मी तुला कळवलं नव्हतं. तुला हे माहीतच आहे. तुला फोन आलाच नाही, कागद आलाच नाही. का कळवलं नाही ते आज लिहिता येत नाही. एक गिऱ्हाईक बसलंय.

गिऱ्हाईक नाही. खुर्ची रिकामी आहे. पण लिहिता येत नाही हे खरं.

मंगळवारी मी वॉर्डात जाऊन आलो. अकरा दाढ्या केल्या. मास्तरांच्या हनुवटीवर जुन्या कापांचे वण दिसले, तुझ्या आईच्या हातचे. कातडी सैल झाली की ती दोन बोटांनी ताणून धरावी लागते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायला घरात न्हावी होता.

बाबा

२४ जुलै

बारके,

आज दुकान उघडलं नाही. दाराला कडी घातली आणि बसलो.

सात वर्षांपूर्वी तू दुकानात फोन केलास. तुला आठवा महिना होता. तू म्हणालीस, "बाबा, आईला पाठवा. डॉक्टर म्हणतात झोपून राहा. हे कामावर गेले की मी एकटी असते. मला भीती वाटते." तू रडत नव्हतीस. रडली असतीस तर कदाचित मी वेगळा वागलो असतो. कदाचितच. स्वतःला सोडवून घ्यायला हे लिहीत नाही.

मी म्हटलं, सांगतो.

मी सांगितलं नाही.

संध्याकाळी ती घरी आली, पाय धुतले, जेवायला वाढलं. मी तिच्याकडे बघत होतो. मला माहीत होतं, शब्द तोंडातून निघाला की ही ताटावरून उठून पिशवी भरेल. वॉर्ड वगैरे काही आड येणार नाही. तुझ्यासाठी ती तेवढी एकच गोष्ट सगळं टाकून करणार होती. आणि मग चार महिने, सहा महिने मी या दोन खोल्यांत एकटा. मी कधी एकटा राहिलो नव्हतो, बारके. आईच्या घरातून बायकोच्या घरात आलो. मला वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, परवा. तिसऱ्या दिवशी तुझा पुन्हा फोन आला आणि मी म्हणालो, "ती नाही म्हणते. वॉर्डात साथ आहे, पेशंट टाकून येता येत नाही म्हणते."

साथ होती, हे खरं होतं. खोट्याला असा खऱ्याचा टेकू मिळाला की ते फार भक्कम उभं राहतं.

तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. पुढे तुझं काय झालं ते मला जावयांकडून खूप नंतर कळलं. रक्त किती गेलं, दोन आठवडे कशी पडून होतीस, उशाशी कोण नव्हतं.

मग तुझं पत्र आलं, तिच्या नावाने. "मुलगी झाली. तू तुझ्या पेशंटमध्ये सुखात राहा. इथे यायची गरज नाही." ती ते हातात घेऊन या पडद्यापाशी उभी होती. तिला वाटलं, तू रागाने तिला बाळंतपणाला बोलावलंच नाहीस. म्हणाली, "तिचं बरोबर आहे. मी तिला अर्धीच आई दिली." तरी पिशवी भरली होती तिने. मीच म्हणालो, नको म्हणते ना ती, राग निवू दे, मग जा. तिने तीनदा फोन केला, तू तिन्ही वेळा आवाज ऐकून ठेवलास. चौथ्यांदा तिने केला नाही. पिशवी किती तरी दिवस पलंगाखाली होती. मग एकेक कपडा कपाटात गेला.

आजारपणात तुला का कळवलं नाही, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. तू आली असतीस तर तुम्ही दोघी पाच मिनिटं बोलला असता आणि सगळं उघडं पडलं असतं. म्हणून मी तिला मुलीविना जाऊ दिलं. एकदा भित्रेपणा झाला तर माणसाची कीव येते. मी सात वर्षं तो सांभाळला, पाणी घालून वाढवला.

मे महिन्यात एका दुपारी मी तिचे पाय पुसत होतो. ती छताकडे बघत म्हणाली, "मी बारकीचं एवढं काय केलं हो?" मी टॉवेल पिळत होतो. त्याच क्षणी सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "मुलं अशीच असतात." ती म्हणाली, "नाही, माझी तशी नाही."

हे तिचं शेवटचं वाक्य नाही. त्यानंतर ती नऊ दिवस होती. पण मला दुसरं ऐकू येत नाही.

लोक तिच्याबद्दल सांगतात, तिने वॉर्डातल्या परक्या माणसांसाठी जन्म घालवला. तिचा सर्वांत जुना पेशंट घरात होता. धडधाकट होता, आणि तिला सोडायला तयार नव्हता.

माफ कर असं लिहीत नाही. मागायचा हक्क असावा लागतो. तुझी आई येणार होती, एवढं तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. तिला कळलं असतं तर ती त्याच संध्याकाळी निघाली असती.

बाबा

११ सप्टेंबर

बारके,

तू येऊन गेलीस त्याला चार दिवस झाले. तुझे शब्द मी आज जसेच्या तसे लिहून ठेवतो आहे, म्हणजे पुढे कधी ते गोड करून आठवायची सोय मला उरणार नाही.

त्या मंगळवारी मी मास्तरांच्या अर्ध्या चेहऱ्याला फेस लावला होता. मास्तर माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "दारात कोण बाई उभ्या आहेत हो? उभं राहायची ढब ताईंची आहे." मी वळलो नाही. हातात वस्तरा होता, तो आधी पुसून ठेवला. मग वळलो. तुझ्या कानापाशी पांढरे केस आलेत. तुझ्या हाताला धरून ती उभी होती. सात वर्षांची नात मी अशी पहिल्यांदा बघितली, साबणाने माखलेल्या हातांनी.

तू माझ्याशी बोलली नाहीस. सरळ सिस्टरकडे जाऊन म्हणालीस, "माझी आई इथे काय काय करायची ते मला दाखवा." आणि ती पोर तुला खाटेखाटेला घेऊन गेली. खिडकीपाशी जी आंधळी आजी असते तिने तुझा चेहरा बोटांनी चाचपला आणि विचारलं, "तूच ना गं ती, झोपेत गणिताचे पाढे म्हणायचीस?" तू चमकलीस. आजी म्हणाली, "ताई रोज सांगायची. सकाळी तुझी वेणी घालून यायची आणि माझी घालताना तुझं सांगायची. तुझे दात कधी पडले ते या खोलीत सगळ्यांना पाठ आहे."

तू आजीच्या खाटेवर बसलीस आणि तोंडात पदर कोंबलास. तुझी मुलगी घाबरली. मी एक पाऊल पुढे आलो. तू हात वर करून मला तिथेच थांबवलंस. मी थांबलो. मास्तरांची अर्धी दाढी राहिली होती, ती पुरी केली. दुसरं काय करणार होतो?

बाहेर पायऱ्यांवर तू बोललीस. "बाबा, मी तुम्हाला माफ करायला आलेले नाही. ते मला जमणार नाही. आईने केलं असतं, पण मी आई नाही." मी म्हटलं, "हो." तू म्हणालीस, "सात वर्षं मी हिला सांगत आले की तुला आजी नाही." मी म्हटलं, "हो." तू म्हणालीस, "घरी येत नाही. तुमच्या हातचा चहा मला घेता येणार नाही." मी मान हलवली.

फाटकाशी जाऊन तू परत आलीस. म्हणालीस, "पत्रं लिहीत जा. आईबद्दल लिहा. मी वाचीन आणि हिला वाचून दाखवीन. तुमच्याबद्दल मात्र लिहू नका. एकटं वाटतं, घर खायला उठतं, असलं काही नको. फक्त आई. बाकी काही नको."

मी कबूल केलं. हे शेवटचं पत्र, ज्यात मी आहे.

बाबा

२० सप्टेंबर

बारके,

तुझ्या आईला शिट्टी वाजवता येत होती. हे तुला माहीत नसेल. लहानपणी भावाकडून शिकली होती. तुझ्या मामासारखी दोन बोटं तोंडात घालून नव्हे, नुसते ओठ गोल करून, हलकी, सुरात. वॉर्डाच्या मागे धुतलेल्या चादरी ठेवायची खोली आहे. तिथे ती दार लोटून घड्या घालायची आणि शिट्टी वाजवायची. सिस्टर लोकांना हसू येईल म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

वॉर्डात तेव्हा एक सुतार होता. गवताच्या गंजीवरून पडून पाठ मोडली होती. आला तेव्हापासून एक अक्षर बोलला नव्हता. डॉक्टर म्हणायचे, वाचाच गेली. एक दिवस ती चादरी घडी करताना एक चाल वाजवत होती आणि मधे विसरली. थांबली. तर भिंतीपलीकडून कुणी तरी पुढची ओळ वाजवली.

ती चादर टाकून धावली. सुतार छताकडे बघत पडला होता, काही झालंच नाही असा. ती त्याला काही बोलली नाही. परत खोलीत गेली आणि पुन्हा सुरुवातीपासून वाजवली. पुन्हा त्याच जागी थांबली. या वेळी मुद्दाम. पलीकडून पुढची ओळ आली.

तो सुतार आणखी चार वर्षं होता. बोलला फारसा नाहीच, पण रोज सकाळी दोघांचं एवढं होत असे. तो गेला त्या दिवशी ती घरी येऊन मला हे सगळं सांगत होती. मी म्हटलं, "मग घरी का नाही वाजवत कधी? मी ऐकलीच नाही." ती म्हणाली, "घरी तुम्ही असता ना. शिट्टी एकट्या माणसाने वाजवायची असते."

तुझ्या मुलीला विचार, तिला येते का. आईचे ओठ होते तसे तिचे ओठ आहेत, मी बघितले. तिला येईल.

मी करून बघितली. मला येत नाही.

बाबा